समुद्राचे बिऱ्हाड

हदगावात कोणी हत्ती पाळला असता, तरी लोकांनी माझ्याइतके प्रश्न त्याला विचारले नसते. हत्ती निदान जमिनीवर राहतो. मी घरात समुद्र पाळला होता. नांदेड जिल्ह्यातले आमचे हे तालुक्याचे गाव. येथून पूर्वेला निघा की पश्चिमेला, शेकडो किलोमीटर समुद्राच्या पाण्याचा थेंब भेटत नाही. उन्हाळ्यात जिथे गोड्या पाण्याचीच मारामार, तिथे हा निवृत्त मास्तर खारे पाणी तयार करून त्यात मासे सोडतो, हे ऐकल्यावर भल्या माणसांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहावे, यात नवल नव्हते. "सर, हे मासे खायचे असतात का?" हा पहिला प्रश्न. "नाही" म्हटले, की दुसरा प्रश्न कोणी विचारीत नसे; नुसते माझ्या सौभाग्यवतीकडे सहानुभूतीने पाहत.

या समुद्राचे खापर खरे म्हणजे आमच्या मुलीच्या माथ्यावर फोडले पाहिजे. ती उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकली. उदगीरलाही समुद्र नाही हे मी तिला सांगून पाहिले, पण आजकालच्या मुली बापाच्या भूगोलाला दाद देत नाहीत. शिक्षण संपवून ती रत्नागिरीला नोकरीवर रुजू झाली आणि जाताना आपली तीन फुटी काचेची टाकी आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर ठेवून गेली. "बाबा, एवढे सांभाळा. फार काम नसते," असे म्हणाली. मुली सासरी जाताना मांजर, तुळस किंवा पोपट मागे ठेवून जातात हे मी ऐकले होते. ही नोकरीला जाताना अरबी समुद्र ठेवून गेली!

पण खरे सांगायचे तर मनातून मला आनंदच झाला. १९७४ साली आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली होती. त्या काळी आमच्याकडे छोट्या रुळांची गाडी. मनमाडला उतरून मोठी गाडी धरायची. कोळशाची पूड डोळ्यांत घेऊन आम्ही मुंबईला पोचलो आणि चर्नी रोडच्या किनाऱ्यावरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेले ते मत्स्यालय. अंधाऱ्या दालनात एकेका काचेमागे उजेडात तरंगणारे ते रंग पाहून तेरा वर्षांच्या त्या पोराचे तोंड जे उघडे पडले, ते गुरुजींनी पाठीत धपाटा घातला तेव्हाच मिटले. पुढे मीही गुरुजी झालो, विज्ञान शिकवले, मुलांना फळ्यावर खडूने मासा काढून दाखवला. तो चर्नी रोडचा मासा मात्र मनातून गेला नव्हता.

टाकीत काय होते म्हणाल, तर ऐश्वर्य फारसे नव्हते. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊन मासे, लाल-पांढऱ्या पाठीची एक कोळंबी, पाच गोगलगायी, आणि दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करून राहणारा एक खेकडा. क्लाऊन मासे समुद्रातून पकडून आणलेले नव्हते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास बंदिस्त पाण्यात जमवली आहे, आणि तशाच पैदाशीतली ही जोडी होती. प्रवाळ मात्र नव्हते. पाहुणे हमखास विचारीत, "ते रंगीत पोवळ्याचे झाड नाही का ठेवले?" आपल्या समुद्रातले प्रवाळ उचलणे, विकणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला; म्हणजे कायद्याच्या लेखी ते वाघाच्या पंक्तीला बसले. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० साली दुसरीकडे हलवाव्या लागल्या, तेव्हा महानगरपालिकेलाही वनखात्याची परवानगी काढावी लागली होती. तिथे माझ्यासारख्या मास्तराची काय कथा! आमच्या टाकीत होते ते सहा सच्छिद्र दगड. मुलीने आणले तेव्हा ते हाडासारखे पांढरेफटक होते. तीन वर्षांत त्यांच्यावर जांभळी, हिरवी, तपकिरी पुटे चढली होती. दिसायला सुंदर म्हणवणार नाही. पण या दगडांची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावेत.

या समुद्राची सर्वांत मोठी भक्त निघाली ती माझी आई. वय शहाऐंशी. मासा हा शब्द जिच्या स्वयंपाकघरात कधी उच्चारला गेला नाही, ती माउली रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की टाकीसमोर पाट टाकून बसे. जोडीचे नाव तिने राघू-मैना ठेवले. थोराड तो राघू आणि लहान ती मैना, असा तिचा समज. मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिने आजीचा गैरसमज दूर केला. या जातीत सगळे मासे जन्मतः नर असतात, त्यांतला जो सर्वांत मोठा होतो तो मादी बनतो. म्हणजे थोराड ती मैना! आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "बराबर हाय. घर चालवायचं म्हणजी अंगात बळ लागतंय." आमच्या सौभाग्यवतीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन करण्याचे कारण नाही.

एकदा तिने बोट बुडवून पाणी चाखले. "खारं इख हाय की रे! याला तहान लागत न्हाई का?" विज्ञानाचा मास्तर असूनही हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. लागते. समुद्रातला मासा ते खारेच पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजी आमच्यावानीच. सगळं गिळायचं आन् खारट तेवढं भाईर टाकायचं."

आईला या टाकीत एक हक्काचे काम होते. पाण्याची वाफ होते तेव्हा उडते ते नुसते पाणी. मीठ मागेच राहते. रोजच्या रोज गोडे पाणी घालून पातळी भरून काढली नाही, तर पाणी खारट होत जाऊन मासे मरतील. म्हणून मुलीने काचेवर पेन्सिलीने रेघ मारून दिली होती. आईला ती दिसेना, तेव्हा तिने बोटाने कुंकवाची रेघ ओढली. रोज सकाळी अंघोळ झाली की ती तांब्यात शुद्ध केलेले पाणी घेई आणि कुंकवाच्या रेघेपर्यंत टाकी भरी. हिवाळ्यात एक तांब्या, वैशाखात तीन. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही. आमच्याकडे एवढ्या नियमाने फक्त वीजच जाते.

असे सारे सुखाने चालले असता आम्ही घर बदलायचे ठरवले.

जुने घर धाब्याचे. मातीच्या जाड भिंती, वर माळवद, परसात आड. उन्हाळ्यात गार आणि पावसाळ्यात गळके. दर मृगाला माळवदावर माती टाकणारी माणसे आता मिळत नाहीत. भिंतीला चीर गेली, तेव्हा मुलाने आणि मुलीने मिळून निकाल दिला. महामार्गाकडच्या नव्या वसाहतीत सिमेंटचे घर बांधले, जुने घर एका परिचितांना विकायचे ठरले, आणि २०२४च्या मार्गशीर्षात गृहप्रवेश करायचा असा बेत झाला.

नव्या घरात मोठी बैठक होती. मुलीचा फोन आला: "बाबा, टाकी हलवायचीच आहे, तर पाच फुटी करून घ्या. मोठ्या पाण्यात चूक पचते." हे वाक्य मला फार आवडले. लहान टाकीत मासा मेला, अन्न जास्त पडले, ऊन वाढले, तर सारे पाणी तासाभरात बिघडते. मोठ्या टाकीत तोच बिघाड पातळ होऊन जातो. एकत्र कुटुंबाचे जे तत्त्व तेच हे.

तयारी महिनाभर चालली होती. मुलीच्या लग्नाची यादी करायची हौस राहिली होती, ती मी येथे भागवून घेतली. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी नांदेडला करवून घेतली. तीत साडेपाचशे लिटर पाणी मावते. पाणी, काच, दगड सारे धरून वजन सातशे किलोच्या वर जाते, म्हणून खाली लोखंडी घोडा केला, पाणसळ लावून तो समतल केला आणि टाकीच्या बुडाखाली थर्माकोल घातला. खाली कपाटात आणखी एक लहान टाकी. वरचे पाणी तिच्यात उतरून गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. मग टाकी साध्या पाण्याने काठोकाठ भरून दोन दिवस ठेवली. सांधे कोरडे राहिले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पुढचे काम समुद्र बनवण्याचे. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, ते माशांना काय कामाचे? शुद्ध पाण्याचे वीस-वीस लिटरचे १९ जार मागवले. जारवाला म्हणाला, "सर, कार्य आहे वाटते घरी?" मी म्हटले, "गृहप्रवेश आहे." "पाहुणे किती?" "नऊ," मी म्हणालो. गोगलगायी धरून बरोबर नऊच होते. १९ जार आणि नऊ पाहुणे यांचा हिशेब करीत तो बिचारा निघून गेला.

ते पाणी दोन निळ्या पिंपांत ओतले आणि त्यात मत्स्यालयाचे खास मीठ घातले. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. समुद्रात नुसते मीठ नसते. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी बरीच मंडळी असतात. लिटरला सुमारे ३६ ग्रॅम, म्हणजे सारे मिळून साडेतेरा किलोच्या घरात मीठ लागले. पिंपात पंप सोडून ते पाणी पुरता एक दिवस ढवळत ठेवले, हीटर लावून २६ अंशांवर आणले, आणि हायड्रोमीटर १.०२५ दाखवू लागला तेव्हा मी हातरुमालाने घाम पुसला. मार्गशीर्षातल्या थंडीत घाम पुसणारा हदगावात मी एकटाच असेन.

मुलीने फोनवर क्रम घोकून घेतला होता. आधी जुन्या टाकीतले स्वच्छ पाणी पिंपात काढायचे. मग दगड काढून त्याच पाण्यात बुडते ठेवायचे, उघडे पडू द्यायचे नाहीत. जुनी वाळू आणायची नाही. ती ढवळली की तळाशी साठलेला तीन वर्षांचा मळ आणि विषारी वायू वर येतो. मासे बादलीत, वर झाकण, आणि विजेरीवर चालणारा हवेचा पंप. नव्या जागी आधी नवी धुतलेली वाळू, मग दगड, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी मासे. तेही एकदम नाही. बादलीत बारीक नळीने थेंब थेंब नवे पाणी सोडायचे, नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब, असे तासभर तरी. अंगाला नवे पाणी कळू द्यायचे आणि मग आत सोडायचे. कोळंबी तर फार नाजूक. तिला आणखी अर्धा तास.

हे सारे मी तंतोतंत पाळले. एका बाबतीत मात्र माझ्यातल्या मास्तराने घात केला. वास्तुशांतीला गावातली माणसे येणार, तालुक्याची मंडळी येणार, आणि टाकी बैठकीत अगदी समोर. ते शेवाळाने भरलेले दगड पाहून लोक काय म्हणतील? सहांतले दोन सर्वांत ओंगळ दगड मी आदल्या दिवशी गुपचूप बाहेर काढले, नळाखाली ब्रशने खसाखसा घासले, उन्हात वाळवले आणि पांढरे स्वच्छ करून टाकीच्या दर्शनी भागात मांडले. मला वाटले, झकास!

बिऱ्हाड हलले. टेम्पोत एका बाजूला पिंप, बादल्या, आणि मांडीवर राघू-मैनेची बादली घेऊन बसलेला मी. दुसऱ्या फेरीला कपाटे, भांडी, गाद्या. तिसऱ्या फेरीला आई. ती पुढे चालकाशेजारी बसली. हातात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. मागे वळून पाहिले नाही. मला वाटले, आईने किती सहज घेतले!

वास्तुशांती थाटात झाली. लोकांनी टाकीची वाहवा केली. "पाणी काय नितळ आहे!" असे प्रत्येकजण म्हणाला. पाणी खरेच नितळ होते. आईची खोलीही तशीच होती: चकचकीत फरशी, मोठी खिडकी, भिंतीला कळ दाबली की उजेड, आणि हाताशी नळ. "आजी, मजा आहे तुमची," असे लोक म्हणत आणि ती हात जोडी.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो मासे वरच्या कोपऱ्यात पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकीत होते. कोळंबी दगडामागे मुटकुळे करून पडली होती. तपासणीच्या थेंबांनी नळीतले पाणी पिवळे राहायला हवे, ते हिरवे झाले. म्हणजे अमोनिया! शून्य असायला हवा तिथे अर्धा अंश. मी रत्नागिरीला फोन लावला. मुलीने एकच प्रश्न विचारला: "बाबा, दगड धुतलेत का?"

वर्गात नक्कल पकडली गेलेल्या पोरासारखा मी गप्प राहिलो. ती रागावली नाही. हे अधिक वाईट. ती म्हणाली, "बाबा, टाकी पाण्यावर चालत नाही. दगडांवर चालते. त्या दगडांच्या छिद्राछिद्रांत जंतू वस्ती करून असतात. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, तो विष. एक जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, ते मासे सोसू शकतात. तुम्ही दोन दगडांवरची ही वस्ती घासून उन्हात वाळवलीत. नवी वस्ती बसायला आठवडे लागतात. पाणी नुसते नितळ असून भागत नाही, बाबा. नितळ पाण्यात जीव गुदमरतो."

हे सारे मी तीस वर्षे पाठ्यपुस्तकातल्या नायट्रोजन चक्रात शिकवले होते. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास हे जंतू शोधून काढले, हेही मला ठाऊक होते. आणि तरीही पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी मी ब्रश उचलला होता.

उपाय सुरू केले. पुन्हा जार, पुन्हा मीठ, एक तृतीयांश पाणी बदलले. दाणे रोज दोन वेळा ऐवजी दिवसाआड. रात्री दोनदा उठून मासे पाहायचे. अशाच एका रात्री दीड-दोनच्या सुमारास मी विजेरी घेऊन बैठकीत आलो, तर आईच्या खोलीत उजेड. ती पलंगावर बसून होती. पाय जमिनीला न टेकता.

"आई, झोप लागत नाही का?"

"लागंल की," ती म्हणाली. "नवी जागा हाय."

मग माझ्या ध्यानात आले, की तीन दिवसांत तिचे ताट परत जात होते. अर्धी भाकरी, मग चतकोर, मग नुसते ताक. सौभाग्यवतीने मला दोनदा सांगितले होते. मी अमोनिया मोजत होतो. डॉक्टरांनी तपासले. रक्तदाब ठीक, बाकी सारे ठीक. "वय झाले," म्हणाले. पण वय काय परवा झाले? परवापर्यंत ही बाई उन्हात बसून कारळाची चटणी वाटत होती.

"आई, काय होतंय? सांग तरी."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काय बी होत न्हाई रे. समदं चांगलं हाय. मला करमना, येवढंच. हाताला काम न्हाई. मासोळीचं पानी बी आता आपल्या आपन भरतंय म्हनं."

खरेच होते. मुलीने नव्या टाकीबरोबर एक यंत्र पाठवले होते. पातळी उतरली की ते स्वतःच गोडे पाणी सोडी. आजीला वाकायला नको, म्हणून. चटणी मिक्सरवर होत होती. आजीला त्रास नको, म्हणून. फुले दारावर येत होती. आम्ही आईचे सारे कष्ट काढून घेतले होते, आणि त्याला सुख असे नाव दिले होते.

मी टाकीसमोर येऊन बसलो. पाच फूट लांब समुद्र. आणि राघू-मैना एका कोपऱ्यात, न धुतलेल्या चार दगडांजवळ, वीतभर जागेत फिरत होती. उरलेल्या समुद्राकडे त्यांनी पाहिलेही नव्हते. मुलीचे शब्द आठवत होते. माशांना एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात घालताना मी दीड तास थेंब मोजले. आईला मी टेम्पोच्या तिसऱ्या फेरीत आणले होते. आणि तिचे दगड कुठे होते?

दगड! मी ताडकन उठलो. पाटा-वरवंटा जुन्या घरीच राहिला होता. "मिक्सर आहे, आता कशाला ते धोंडे?" असे मीच म्हणालो होतो.

त्या वरवंट्याची हकिकत आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही मी विसरलो, हेच सांगायचे आहे. आईचे माहेर पैनगंगेकाठचे. १९४८ सालच्या उन्हाळ्यात, रझाकारांच्या धामधुमीत, निजामाच्या मुलखातली कितीतरी कुटुंबे नदी ओलांडून पलीकडे वऱ्हाडात गेली, तसे हेही गेले. आई तेव्हा दहा वर्षांची. रात्री उठवून चालायला लावले. माझ्या आजीने एका हाताने धाकट्या भावाला धरले आणि दुसऱ्या हाताने पदरात वरवंटा बांधून घेतला. कोणी म्हणाले, बाई, दागिना घ्यायचा सोडून धोंडा काय घेतेस? आजी म्हणाली होती, "पाटा कुठंबी भेटतो. वरवंटा हाताचा असतो." सप्टेंबरात मुलूख मोकळा झाला, माणसे परतली. घराचे दार जळालेले होते; पण त्या संध्याकाळी चटणी वाटली गेली. तोच वरवंटा पुढे आईच्या लग्नात तिच्याबरोबर हदगावला आला. तिच्या हाताच्या पकडीने तो मधोमध बारीक झाला आहे.

उजाडताच मी जुन्या घरी गेलो. पाटा परसात आडापाशी पडला होता. गवंड्याने त्यावर पाय धुवायला सुरुवात केली होती. वरवंटा मात्र नव्हता. मी कोनाडे पाहिले, चुलीमागे पाहिले, विटांचा ढीग उपसला. माझी बोटे थरथरत होती, हे कबूल करायला लाज वाटत नाही. गवंडी म्हणाला, "सर, लांबट धोंडा का? उचलून कुठंतरी टाकला असंल." इतक्यात शेजारच्या वहिनी कुडावरून बोलल्या, "भाऊजी, वरवंटा माझ्याकडं हाय. ज्या दिशी तुमी गेलात, त्याच दिशी उचलून ठिवला. म्हटलं, मावशी आज न उद्या मागायला येतीलच." आणि त्यांनी तो पदराने पुसून माझ्या हातात दिला.

मी तो दोन्ही हातांनी घेतला. स्कूटरवर पाटा पायांशी आणि वरवंटा पोटाशी धरून घरी आलो. सौभाग्यवतीने एक शब्द न बोलता मागच्या ओट्यावर जागा झाडून दिली. फरशीवर पाटा सरकतो म्हणून खाली गोणपाट घातले. आईला बोलावले. ती आली, पाट्याकडे पाहिले, खाली बसली. "धुतलास का रे ह्याला?" तिने विचारले.

"नाही," मी म्हणालो. "मी आता दगड धूत नाही."

तिला त्यातले काही कळले नाही. तिने पाटा स्वतः धुतला, कारळ आणि लसूण मागवला, आणि दोन्ही हातांनी वरवंटा धरून रेटा दिला. तो आवाज नव्या घरात प्रथमच झाला. दुपारी तिने अर्धी भाकरी खाल्ली. फार नाही, अर्धीच. पण ताटात काही उरले नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी ते पाणी सोडणारे यंत्र काढून ठेवले. अशा मोठ्या टाकीत वरची पातळी हलत नाही. वाफ झाल्याची घट खालच्या कपाटातल्या लहान टाकीत दिसते. म्हणजे पाटावर बसून पाणी घालण्याची सोय आपोआपच झाली होती. मी कपाटाचे दार उघडले, आईचे बोट कुंकवात बुडवले आणि काचेवर रेघ ओढायला लावली. मुलीला फोनवर सांगितले. मला वाटले ती रागावेल. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बाबा, यंत्राचा पंप कधीकधी अडकतो. आजी अडकत नाही. राहू द्या."

अमोनिया खाली यायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी नळीतले पाणी पिवळे राहिले. एक गोगलगाय दगावली; तेवढे पाप माझ्या खाती जमा आहे. धुतलेले दोन दगड पुढे दोन-तीन महिने पांढरेच राहिले, मग त्यांच्यावरही हळूहळू तपकिरी छटा आली. आता ते ओळखू येत नाहीत. शंखातला खेकडा मात्र सगळ्यांत शहाणा निघाला. मुलीने पाठवलेला मोठा शंख महिनाभर त्याच्याजवळ पडून होता. तो रोज येई, पायांनी आत चाचपून पाही, फिरवी, आणि परत आपल्या जुन्या शंखात जाई. एका सकाळी आम्ही पाहिले तर नव्या शंखात! आमच्या घरात बिऱ्हाड हलवण्याची रीत त्यालाच तेवढी ठाऊक होती.

राघू-मैनेला तो कोपरा सोडायला दीड महिना लागला. आईला त्याहून जास्त. आताही घराच्या चार खोल्या सोडून ती मागच्या ओट्यावरच असते. पण सकाळी नेमाने तांब्या घेऊन कपाटापाशी येते, रेघेपर्यंत पाणी घालते, आणि काचेतून वर पाहते. परवा मी विचारले, "आई, आता करमतं का?"

तांब्या पालथा घालीत ती म्हणाली, "करमाया काय झालं? माजं पानी घालायचं ऱ्हायलं, तर ती लेकरं खारट होतील."